मोजणाऱ्याचा ढाळा

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. आंबोलीत दाजी गावड्यांच्या घरी, मागच्या दाराच्या आड मी उभी असते. उभी आपली म्हणायचे, एवढेच. खरे तर भिंतीच्या आधाराने कशीबशी तग धरून आहे. माझ्या मानेशी एकेकाळी सात घुंगरे होती. आता दोन उरलीत आणि त्यातले एक मुके आहे. पायाची लोखंडी शेंबी झिजून पिंपळाच्या वाळक्या पानासारखी झाली आहे. येता-जाता कोंबड्या माझ्या अंगाला चोची पुसतात. कधी कोणी मला उचलून माळ्यावरची टोपली खाली ओढते आणि पुन्हा दाराआड ठेवून देते. मला त्याचा राग येत नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडे बळ लागते.

पण मी नेहमीच अशी नव्हते.

माझा जन्म घरामागच्या ओहोळावरचा. चिवा म्हणून एक बांबू असतो, आतून भरीव, पिळदार. त्याच्या बेटात मी वाढले. दाजींनी मला अंधाऱ्या पंधरवड्यात तोडले, कारण चांदण्यात तोडलेल्या चिव्याला कीड लागते असे त्यांचे म्हणणे. मग निखाऱ्यावर धरून माझे वाक काढले. तो जाळ अजून आठवतो. दोन महिने चुलीवरच्या धुरात मला टांगून ठेवले आणि काजूबियांच्या टरफलांचे तेल पाजले. लोहाराने पायात शेंबी ठोकली. सगळ्यात शेवटी दाजींच्या बायकोने, रुक्मिणीने, आपल्या जुन्या चाळातली सात घुंगरे काढून माझ्या मानेशी तांब्याच्या तारेने बांधली. ती म्हणाली, "तुमी रानात जातास. माका हंयसून आयकाक येवक होया, तुमी खंय पावलास ता."

ते साल एकोणीसशे एक्कावन्न होते.

दाजींचे काम काय, ते सांगते. खालच्या कोकणातून, वरच्या बेळगावाहून, कोल्हापुराहून माणसे आंबोलीला हवा खायला येत. एसटी सकाळी दहाला त्यांना उतरवी आणि संध्याकाळी पाचला परत नेई. मधल्या वेळात त्यांना डोंगर दाखवून आणायचा, हे दाजींचे काम. आधी धबधबा, मग देवराई, मग गडाचे टोक, तिथे शिदोरी सोडायची आणि जंगलातल्या पायवाटेने परत. चार तासांची फेरी. दाजी एका वेळी सहाच माणसे नेत. सातवा आला तर हात जोडून सांगत, "उद्या येवा." कोणी कारण विचारले तर उजव्या हाताची पाच बोटे दाखवत आणि मग मला जमिनीवर आपटत. "पाच हेच्यार आणि सावो हिच्यार. हेच्या पलीकडे माका मोजूक जमना नाय."

लोक हसत. मला मात्र अभिमान वाटे. सहावा माणूस माझा असे ना.

रानाच्या तोंडाशी, जांभळीच्या झाडाखाली एक उभा दगड आहे. त्याला नाव नाही. लोक त्याला 'वाटेवरचो' म्हणतात. रानात शिरण्यापूर्वी दाजी तिथे गाऱ्हाणे घालत, म्हणजे देवाला साकडे घालत, आणि परत आल्यावर प्रत्येकाने एक हिरवी डहाळी त्या दगडापुढे ठेवायची. आमच्याकडे तिला ढाळा म्हणतात. सुखरूप परत आलो, एवढाच त्याचा अर्थ. शिकलेली माणसेसुद्धा तिथे निमूटपणे ढाळा ठेवत. चार तास धुक्यात चालून आलेला माणूस फारसा वाद घालत नाही.

त्या अकरा वर्षांत मी किती चालले असेन. दर पावलाला माझी घुंगरे वाजत. सापकिरडू बाजूला होई आणि मागच्या माणसाला वाट कळे. माझ्या पायाशी मिठाची पुरचुंडी बांधलेली असे. कोणाच्या पोटरीला जळू लागली की दाजी मला तिथे टेकवत आणि जळू गळून पडे. किंचाळणाऱ्या बायका मग माझ्याकडे अशा बघत, जशी मी त्यांची थोरली बहीण. बेळगावच्या एका प्राध्यापकांनी जाताना मला हातात घेऊन म्हटले होते, "दाजी, तुमच्यापेक्षा ही हुशार आहे." दाजी म्हणाले, "होय तर. ही बोलना नाय."

खरे आहे. मी बोलत नाही. आणि याच गोष्टीचे मला आयुष्यात एकदा फार वाईट वाटले.

साठ सालच्या सुमारास दाजींच्या हाताची माझ्यावरची पकड बदलली. पूर्वी ते मला सहज धरत, तळहातात चिमणी धरावी तसे. आता मूठ आवळली जाऊ लागली. पाऊल टाकण्याआधी ते मला पुढे टेकवत, चाचपत, मग पाय उचलत. त्यांच्या डोळ्यांत वडस वाढत होते. रुक्मिणीलासुद्धा त्यांनी सांगितले नाही. वाट पायांना पाठ होती, मी हातात होते, आणि बाकीचे ते आठवणीने सांगत. टोकावर उभे राहून म्हणत, "ती बघा खाली भातशेती, तो बघा तेरेखोलचो पाट." जिथे बोट दाखवत तिथे ते खरेच असे. डोंगर थोडेच जागा बदलतात?

माणसे मात्र बदलतात. चेहरे दिसेनात, तेव्हा दाजी ढाळे मोजू लागले. कालचे ढाळे सकाळीच बाजूला सारून ठेवायचे, परतल्यावर दगडापुढे वाकायचे, नमस्कार केल्यासारखे करायचे आणि बोटांनी चाचपून मोजायचे. पाच बोटे आणि मी. सहा भरले की सगळे आले. दोन वर्षे हे असे चालले. एकदाही चूक झाली नाही. पण रोज त्या दगडाशी वाकून उठताना ते माझ्यावर अधिकाधिक भार टाकत. दाजी थकले होते. मीही थकले होते. थांबू या, असे दोघांपैकी एकालाही म्हणता येत नव्हते.

मग बासष्ट सालचा भाद्रपद आला. गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले असतील. मालवणहून सहा माणसे उतरली. भाई पारकर, कापडाचे दुकानदार. त्यांची बायको सुगंधा, विशी-बाविशीची. भाईंची आत्या आनंदी, सत्तरी गाठलेली, अंगाने काटकुळी आणि जिभेने तिखट. शेजारचे दत्ताराम मास्तर, त्यांची बायको सुशीला आणि मेहुणी सीता.

सुगंधाचा चौदा महिन्यांचा मुलगा, बाबली, घरी सासूजवळ होता. मूल झाल्यापासून ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती. तिच्या हातांना काय करावे ते सुचत नव्हते. रिकामा हात सारखा कमरेवर जाई, जिथे मूल बसते तिथे, आणि मग गोंधळून खाली येई.

धुके एवढे होते की जांभळीचा शेंडा दिसत नव्हता. सगळ्यांनी डोक्यावरून घोंगडीच्या खोळी घेतल्या. दाजींनी दगडापुढे उभे राहून गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, आज ही सा माणसां तुझ्या रानात इली हत."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले.

"तेंच्या पायाक काटो लागा नये, तेंची वाट चुका नये. जशी इली तशी तेंका घराक पावती कर."

"व्हय म्हाराजा."

आनंदीआत्या म्हणाली, "मोठ्यान सांग रे दाजी. देव तुझ्यावांगडा म्हातारो झालो आसतलो. आयकाक कमी येयत."

सगळे हसले. दाजीही हसले. मग त्यांनी नेहमीचे सांगणे सांगितले, "धुक्यात कोण मागे ऱ्हवलो, तर चलाचां नाय. आसास थंयसर बसान ऱ्हवाचां. घुंगरां आयकाक येतली. मिया येतलंय."

गडाच्या टोकावर पोहोचलो तेव्हा समोर नुसता पांढरा पडदा होता. सुशीला वैतागली. "ह्यां बघूक इलंव? घराकडे चुलीच्या धुवरात बसलंव आसतंव तरी ह्यांच दिसला आसता."

"तुझ्या चुलीक निदान भाकरी तरी आसता," मास्तर म्हणाले.

आत्या मात्र कड्याच्या दगडाशी उभी राहून समोर बघत होती. तिचा जन्म समुद्राकाठी गेला होता. नवरा तांडेल होता, गलबतावर. तो गेला त्याला वीस वर्षे झाली. किनाऱ्यावरून वाट बघत बघत तिने समुद्र पाहिला होता. एकदा वरून बघायचा, एवढ्यासाठी ती गुडघे दुखत असतानाही चढून आली होती.

"हंयसून दर्या दिसता?" तिने विचारले.

"दिसता. त्या तकडे, दोन डोंगरांच्या मदी," दाजी बोट दाखवत म्हणाले.

"आता दिसता तुका?"

"माका दिसता."

आत्याने समुद्राकडे बघायचे सोडून दाजींच्या डोळ्यांकडे बघितले. बराच वेळ बघितले.

धुक्याने वाटेत उशीर झाला होता, म्हणून परतीची घाई झाली. पाचची एसटी चुकली तर मुक्काम, आणि सुगंधाचा जीव तर सकाळपासून अर्धा घरीच होता. धुके आणखी दाटले. खोळींच्या आत सगळे सारखेच दिसत होते. भाई पुढे चालत होते, त्यांना वाटले आत्या सुगंधाचा हात धरून येते आहे. सुगंधाला वाटले आत्या पुढे भाईंबरोबर आहे. दगडाशी आलो तेव्हा जो तो जांभळीची डहाळी मोडून दगडापुढे टाकत होता आणि काशीबाईच्या चहाच्या दुकानाकडे धावत होता.

दाजींनी मला दगडाला टेकवून ठेवले होते. त्यामुळे मला सगळे दिसले. सुगंधा आली. तिने एक ढाळा ठेवला. दोन पावले गेली, थांबली, परत वळली आणि आणखी एक लहानशी, कोवळ्या पानांची डहाळी मोडून पहिल्या ढाळ्याशेजारी ठेवली. ओठांतल्या ओठांत म्हणाली, "हो माझ्या बाबलीचो."

आईच ती. सुखरूप असल्याबद्दल देवाला सांगायचे, तर ती एकटीचे कसे सांगणार?

दाजी वाकले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग सहावा ढाळा चाचपून मला हात लावला. सहा. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला उचलले. मित्रांनो, माझी सात घुंगरे तेव्हा गळ्यात होती, पण माझी मला ती हलवता येत नव्हती. चार माणसांचे चार आणि सुगंधाचे दोन, असे सहा होते ते. मला माहीत होते. फक्त मलाच माहीत होते.

काशीबाईने सहा पेले चहा भरला. पाच उचलले गेले. सहाव्यावर हळूहळू साय धरली. सुगंधाने त्या पेल्याकडे बघितले आणि तिचा हात तसाच राहिला.

"आत्या खंय?"

"तुझ्यावांगडा नाय?" भाई म्हणाले.

"नाय. तुमच्यावांगडा नाय होत्यो?"

दाजी उठले. "आसतले हंयसरच. ढाळे सा होते. मिया मोजलंय."

"दोन माझे होते." सुगंधाचा आवाज इतका बारीक झाला की चुलीतल्या लाकडाची चरचर मोठी वाटली. "एक माझो. एक बाबलीचो."

भाई दाजींवर तुटून पडले. "ढाळे कसले मोजतास? माणसां मोजूची ना! पाच माणसां इली, ती डोळ्यांनी दिसली नाय तुमका?"

दाजींची मूठ माझ्यावर आवळली. अकरा वर्षांत दाजींचे माणूस डोंगरात राहिले, असे कोणी म्हणू शकत नव्हते, आणि आज ते म्हणायची वेळ आली होती. त्यांना काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. धुके होते, खोळी होत्या.

"नाय दिसली," दाजी म्हणाले. "माका दिसना नाय, भाईनू. दोन वर्सां झाली. कोणाक सांगूक नाय. हो गुन्हो माझो."

बाहेर एसटीने हॉर्न दिला. मास्तर म्हणाले, "आमी तिघां जातंव, घराक निरोप देतंव. सुगंधा, तूय चल. पोर रडत आसतला."

सुगंधाने एकदा गाडीकडे बघितले. छातीशी पदर घट्ट धरला. "तेका सासूबाय निजयतीत," ती म्हणाली. "ढाळो जास्त मिया घातलंय. मिया जातलंय."

गाडी गेली. भाई धावत रानात शिरणार, तेवढ्यात दाजींनी मला त्यांच्या आडवे धरले. "धावल्यात तर दोन माणसां सोधूची लागतली. तुमी दगडाकडे उभे ऱ्हवा. काशीबायचो डबो वाजयत ऱ्हवा, म्हणजे आमका परतीची वाट गावतली." मग माझे एक टोक सुगंधाकडे केले. "बाय, धर हिका. जवळचां तू बघ. लांबचां माका ठाऊक आसा."

आम्ही चढ चढू लागलो. मी मध्ये, दाजी पुढे, सुगंधा मागे. दर दहा पावलांवर दाजी मला हलवत. घुंगरे वाजत आणि मग दोघे कान देऊन उभे राहत. पाण्याचा ठिबका. मागून भाईंचा डबा. पुन्हा चढ. दाजींचा श्वास भात्यासारखा चालला होता. दिवस बुडत आला होता, पांढऱ्याचे राखाडी होत होते. वाटेत दाजी एवढेच म्हणाले, "गाऱ्हाण्यात मिया सा माणसां सांगलंय देवाक." सुगंधाने मला दोन्ही हातांनी धरले, तापलेल्या मुलाला धरावे तसे.

टोकाजवळ पुन्हा घुंगरे वाजली आणि धुक्यातून आवाज आला.

"इतको येळ? माका वाटला च्या पिऊन, जेवान, नीज काढून येतलास."

आनंदीआत्या एका खडकाला पाठ लावून, खोळ गुंडाळून बसली होती. तिच्या पायांपासून चार हातांवर कडा होता. जळू काढायला म्हणून ती मागे थांबली होती आणि तेवढ्यात बाकीचे दिसेनासे झाले. मग दाजींचे सांगणे आठवून ती जिथल्या तिथे बसून राहिली.

सुगंधाने तिला मिठीच मारली. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रडा नको गो. मदीच इतक्याशा येळाक धुक्यां फाटला. दर्या दिसलो माका." थोड्या वेळाने ती म्हणाली, "वरसून बघल्यार किती गरीब दिसता तो. ह्येचीच मिया इतकी वर्सां भीती धरलंय?"

मग दाजींकडे वळून, आवाज न चढवता, "दोन डोंगरांच्या मदीच होतो. तू सांगलंस थंयच. तुका मात दिसलो नाय, ता माका तेवाच कळला. माझ्या घोवाचे डोळे शेवटाक असेच झाल्ले."

दाजींनी मला आत्याच्या हातात दिले.

उतरताना आत्याने माझ्यावर भार टाकला. ती हलकी होती, पण त्या संध्याकाळी मला ती साऱ्या अकरा वर्षांएवढी जड वाटली. दगडाशी भाई डबा वाजवून वाजवून हात सुजवून बसले होते. आत्याला बघून त्यांनी डबा खाली ठेवला आणि दाजींचे हात धरले.

आत्याने डहाळी मोडली. दगडापुढे वाकून बघितले. "सा आसत ना हंयसर. माझो कोणी घातल्यान?"

"तो बाबलीचो," सुगंधा म्हणाली.

"मगे ऱ्हवांदे. तेचो तेका." तिने आपला ढाळा वेगळा ठेवला.

दाजी मोजायला वाकले नाहीत. ते जरा बाजूला, माझ्यावर दोन्ही हात टेकून उभे होते. सुगंधाने पुन्हा जांभळीला हात घातला. चांगली भरल्या पानांची डहाळी बघून तोडली आणि दगडापुढे ठेवली.

"आता हो कोणाचो?" भाईंनी विचारले.

"दाजींचो. तेय परत इले ना."

दाजी हळूच खाली बसले, बोटांनी चाचपत तो ढाळा शोधला आणि त्याच्या पानांवरून हात फिरवला. अकरा वर्षे रोज ते रानात गेले होते आणि रोज परत आले होते. त्यांचा ढाळा त्या दगडापुढे कोणी ठेवला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही. मोजणारा स्वतःला कुठे मोजतो?

त्या दिवसानंतर दाजी रानात गेले नाहीत. रुक्मिणीला त्यांनी सगळे सांगितले. ती म्हणाली, "माका ठाऊक होता. घुंगरां पयल्यासारकी वाजत नाय होती." पुढच्या उन्हाळ्यात भाईंनी त्यांना मालवणला नेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. एका डोळ्याने आता थोडे दिसते. ते ओटीवर बसतात. रस्त्याने नव्या वाटाड्यांबरोबर हौशी पाहुणे जातात, त्यांचे हसणे ऐकतात आणि ओठ हलवतात. मला वाटते, मोजत असतील.

आणि मी दाराआड. घुंगरे एक एक करून तारेतून सुटली. एक रुक्मिणीने उचलून देव्हाऱ्यात ठेवले, बाकीची अंगणाच्या मातीत गेली. मला कंटाळा येतो, हे खोटे कशाला सांगू? पण थकलेल्याला उभे राहायला एक भिंत मिळाली, हेही काही थोडे नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी काठी असेल तर वर्षातून एकदा तिला तेलाचे बोट लावा. तेवढ्याने आम्ही आणखी दहा पावसाळे काढतो. आणि तुम्हांला कोणी फिरायला नेले, वाट दाखवली, मागे राहिलात म्हणून थांबून हाक मारली, तर घरी पोहोचल्यावर लगेच आत धावू नका. जरा उंबऱ्यात थांबा. सगळ्यांच्या मागून दमून येणारा तो माणूस आला का, ते वळून बघा. हाताशी डहाळी असेल तर त्याच्या नावाने एक ठेवा.

तो स्वतःची ठेवणार नाही. त्याला सुचतच नाही.